गावाचा दोर

खूप खूप जुनी गोष्ट आहे. लहानांनी कान देऊन ऐका, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐका. कारण वस्तू जागेवर न ठेवायची खोड मोठ्यांनाच जास्त असते.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाला पाणी पाजणारा एकच आड होता, खोल, अरुंद, पायऱ्या नसलेला. बायका पोहऱ्याने पाणी शेंदायच्या. पण पोहऱ्याची दोरी पडली बारीक, तिला माणसाचा भार कसा पेलणार? म्हणून गावाने एक रीत पाडली होती. दर वर्षी घराघरांतून अंबाडीचा वाख गोळा व्हायचा आणि सगळे मिळून एक जाडजूड दोर वळायचे. कुणी आडात पडलंच, तर त्याला वर ओढायला. हा गावाचा दोर आडाशेजारच्या घरात राहायचा, आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला त्याला हात लावायचा नाही असा नियम होता.

त्या घरात एक गडी आणि त्याची बायको राहायची. गडी मनाने सोनं! दारी आलेला वाटसरू कधी उपाशी गेला नाही. पण घर? अरे देवा! कणगीवर नांगराचा फाळ, मिठाच्या मडक्यात सुई, देव्हाऱ्यात खुरपं.

"अहो, हे घर आहे की उठलेला बाजार?" बायको कळवळून विचारायची.

तो आपला हसायचा. "घरातच आहे गं, जातंय कुठं!"

विळा सापडेना, घरातच आहे. घोंगडी सापडेना, घरातच आहे. अर्धा दिवस शोधण्यात जायचा आणि उरलेला अर्धा एकमेकांवर खेकसण्यात. रात्री दोघंही दमून, तोंडं फिरवून झोपायची. तरी आपलं काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही. माणसाला स्वतःचा पसारा दिसत नाही, हेच तर खरं दुखणं!

एके दुपारी कुंभाराच्या नव्या सुनेचा पाणी शेंदताना पाय घसरला आणि ती आडात पडली. मधल्या कपारीतला एक दगड तिच्या हाती लागला, त्याला ती लटकून राहिली. बायकांनी एकच हंबरडा फोडला. गडीमाणसं लांबच्या शिवारात, बैल, गाड्या, दोरखंड, नाडे, कासरे सगळं त्यांच्याबरोबर. गावात होत्या बायका, दोन-चार म्हातारे आणि आपला हा गडी. तो घरी का? तर सकाळपासून त्याचा विळाच सापडत नव्हता!

"दादा, दोर आणा! लवकर!"

"आणतो! घरातच आहे..." म्हणत तो आत धावला.

माळ्यावर पाहिलं, नाही. कणगीमागे पाहिलं, नाही. पोती उपसली, मडकी फोडली. बाहेरून पोरीचा आवाज येत होता आणि तो बारीक बारीक होत चालला होता. मग एकदम आठवलं. गेल्या आठवड्यात वारा सुटला तेव्हा कडब्याची गंजी उडू नये म्हणून त्याने तोच दोर तिच्यावर आवळला होता. आजच्या दिवस वापरू, उद्या सोडू, असं म्हणून! तो परसात पळाला. पण गाठी अशा बसल्या होत्या की सुटता सुटेनात.

इकडे आडावर एक म्हातारी आजी पुढे झाली. तिने कमरेची गाठ सोडली आणि अंगावरचं नऊवारी लुगडं फेडायला सुरुवात केली.

"अगं आजी, हे काय!" बायका दचकल्या.

"माझी लाज जाईल तर जाईल, पोर जायला नको," आजी म्हणाली. "फेडा गं, बघता काय!"

मग एकीने फेडलं, दुसरीने फेडलं. म्हाताऱ्यांनी माना वळवून घेतल्या. लुगड्याला लुगडं बांधलं, पीळ दिला, टोकाला फास केला आणि आत सोडलं. तेवढ्यात पोरीच्या हातातला दगड निसटला आणि पडता पडता तिचा हात कपारीत अडकून मोडला. तरी तिने कसंबसं अंग फासात घातलं. सगळ्यांनी मिळून तिला वर ओढली.

गडी दोर घेऊन धापा टाकत आला आणि जागीच थिजला. गावच्या आयाबहिणी पोती नि घोंगड्या अंगाला लपेटून, एकमेकींच्या आड, अंग चोरून बसल्या होत्या. त्यांत त्याची बायकोही होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

कुणी त्याला बोल लावला नाही. आजीने तेवढं विचारलं, "सापडला का रे, बाबा?"

त्या साध्या प्रश्नाने त्याची मान जी खाली गेली, ती कितीतरी दिवस वर आली नाही. बायका दिसल्या की तो वाट बदलायचा. गावाने मुकाट्याने दोर दुसऱ्याच्या घरी नेला. शेवटी त्याने आजीचे पाय धरले.

"आजी, मला शिव्या तरी घाला. लाजेने मेल्यासारखं झालंय."

"शिव्यांनी काय होणार?" आजी म्हणाली. "लाज वाटतेय ना, मग नुसता रडत बसू नकोस. त्या लाजेला कामाला लाव. घरी जा, एक खुंटी ठोक. तिच्यावर एकच वस्तू ठेव. वापरलीस की परत तिथंच. ते अंगवळणी पडलं, की दुसरी ठोक."

त्याने पहिली खुंटी विळ्यासाठी ठोकली. चुकला, विसरला, पण सोडलं नाही. हळूहळू घरातली जमीन दिसायला लागली. सकाळ शोधण्यात जाईना, तशी दोघांना बोलायला सवड मिळाली. बायको बऱ्याच दिवसांनी हसली. त्याला शांत झोप लागू लागली. लाज मात्र गेली नाही.

वर्ष सरलं. नवा दोर वळून झाला. पाटलांनी चावडीवर विचारलं, "यंदा कुणाकडे ठेवायचा?"

गडी सगळ्यांच्या मागे, खांबाआड उभा होता. कुंभाराची सून उठली. आडात पडल्यापासून तिचा उजवा हात लुळाच राहिला होता.

"दादांच्याच घरी ठेवा," ती म्हणाली. "माझा हात त्यांना रोज दिसतो. आता तो दोर कुठं आहे, हे ते कधी विसरणार नाहीत."

गडी पुढे आला, त्याने दोन्ही हातांनी दोर घेतला. "पोरी, मला माफ कर," एवढंच त्याला म्हणायचं होतं, पण तो दोर छातीशी धरून माघारी वळला. तिच्या त्या हाताकडे बघण्याची त्याची हिंमत झाली नाही. घरी जाऊन त्याने दोर जागेवर अडकवला आणि भिंतीला टेकून तो ढसाढसा रडला.

म्हणून सांगतो, वस्तू जागेवर ठेवायला एक क्षण पुरतो, पण ती वेळेवर न सापडल्याची लाज जन्मभर पुरते.