कासाराला काच लागायचीच

सहजनाथ महाराज त्या वर्षी वैशाखात कवठेवाडीला मारुतीच्या पारावर उतरले होते. ऐन लग्नसराई, आणि बांगड्या भरणारा विसाजी कासार मात्र हात छातीशी धरून पाराभोवती येरझाऱ्या घालीत होता. फुटक्या बांगडीची काच तळव्यात रुतून आत पू धरला होता. अंग तापाने फणफणलेले. बसला की उठावेसे वाटे, उठला की बसावेसे. या हातावरच त्याचे घर चाले.

पलटणीत जखमींवर शस्त्रक्रिया केलेल्या भास्करशास्त्री वैद्यांना बोलावणे गेले. वैद्य मोठे खरे, पण जीभ शस्त्राहून धारदार. भूल देण्याचे औषध तेव्हा कुणी ऐकलेही नव्हते. धरायला चार गडी आणि दातांत चामड्याचा पट्टा, एवढाच काय तो आधार.

"तळवा खोल चिरावा लागेल," शास्त्री म्हणाले. "हललास तर शीर तुटेल, बोटे कायमची लुळी. मग बांगड्या कोण भरणार? तुझे महाराज?"

गडी हसले.

शस्त्र टेकताच विसाजीने असा हिसडा दिला की दोघे गडी कोलमडले. पुन्हा धरले, पुन्हा तेच. शास्त्री घामाघूम झाले, चिडले. "अरे, विष वर चढतंय. हात तर जाईलच, जीवही जाईल."

विसाजी रडकुंडीला आला. "जन्मभर बायकांना सांगत आलो, हात सैल सोडा, आवळला की बांगडी फुटती. आन् आज माझाच हात मला सोडवत न्हाई."

तेव्हा महाराज उठले. गड्यांना बाजूला करून विसाजीसमोर मांडी घालून बसले. कासार बाईचा हात धरतो तसा त्यांनी त्याचा हात धरला, कुरवाळला आणि विचारले, "माहेर कुठलं गं बाई तुझं?"

हाच प्रश्न विसाजी रोज विचारी! बाई माहेरचे सांगू लागते, हात सैलावतो आणि बांगडी कधी चढली ते तिला कळतही नाही.

"हा काय पोरखेळ?" शास्त्री म्हणाले.

"तुम्ही तुमचं काम करा, शास्त्रीबुवा. आम्ही आमचं करतो."

विसाजीचे डोळे भरून आले. "माझं माहेर तुमच्या पायाशी, महाराज."

"तिथं कोण कोण आहे?"

विसाजी सांगू लागला. वारलेली आई, तिने लावलेली जाई, तिच्या हातची आंबील. शास्त्रींनी चिरले. पू वाहिला, काचेचा हिरवा तुकडा निघाला. हात तसूभर हलला नाही. मध-तूप लावून पट्टी बांधली, तरी विसाजी आंबिलीचेच सांगत होता.

"झालं," महाराज म्हणाले. "बोटं हलव बरं."

पाचही बोटे हलली. "कधी झालं?" विसाजीने विचारले.

बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला नमस्कार करते. विसाजी तसाच महाराजांपुढे वाकला. शास्त्रींनी पलटणीत भले भले वीर किंचाळताना पाहिले होते. त्यांना राहवेना. "महाराज, मी फार बोललो," म्हणत त्यांनी महाराजांचा हात कपाळाला लावायला उचलला, आणि कपाळ ओले झाले. महाराजांच्या तळव्यावर तीच चीर होती, ताजी, तेवढीच लांब.

महाराजांनी मूठ मिटली. "कासाराला काच लागायचीच, शास्त्रीबुवा."

शास्त्रींनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ते किती तरी वेळ त्यांना उचलवले नाही.