आईला श्वास पुरेना

एक होती नदी. नदीत होता डोह. डोहात राहायची टिपकी. इवलीशी मासोळी, शेपटीवर काळा ठिपका.

उन्हाळा आला. नदी बारीक झाली. दोरीसारखी बारीक. एके दिवशी डोहात येणारं गार पाणी थांबलंच! डोह आटू लागला. पाणी कोमट झालं. मग गरम गरम झालं.

टिपकीची आई कपारीत पडून होती. तोंड उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं.

"आई, काय होतंय गं?"

"गरम पाण्यात श्वास पुरत नाही, बाळा. गार पाणी हवं."

आई मोठी, पाणी उथळ. आईला जाता येईना.

टिपकी म्हणाली, "मी जाते!"

निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

डोहाच्या वरच्या अंगाला पाल्याचा ढीग. ढिगामागे पाण्याची धार अडलेली.

"धारबाई, धारबाई, डोहात ये ना!
पाणी गार होईना,
आईला श्वास पुरेना!"

धार म्हणाली, "मी कशी येऊ? वाटेत पाला तुंबलाय. खेकडा पाला ओढेल, तर मी येईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. काठाशी खेकड्याचं बीळ.

"खेकडेदादा, खेकडेदादा, बाहेर नीघ ना!
धार येईना,
पाणी गार होईना,
आईला श्वास पुरेना!"

आतून खेकडा म्हणाला, "मी कसा निघू? बिळाच्या तोंडावर म्हैस बसलीय. म्हैस हलेल, तर मी निघेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"म्हशीबाई, म्हशीबाई, जरा हल ना!
खेकडा निघेना,
धार येईना,
पाणी गार होईना,
आईला श्वास पुरेना!"

म्हैस म्हणाली, "मी नाही हलत. चिखलात बरं वाटतंय. शेवंताक्का उठून हाकेल, तर मी हलेन."

शेवंताक्का म्हशीची मालकीण. पाण्यात पाय सोडून कण्हत बसली होती.

"आक्का, आक्का, ऊठ ना!
म्हैस हलेना,
खेकडा निघेना,
धार येईना,
पाणी गार होईना,
आईला श्वास पुरेना!"

"कशी उठू गं पोरी? टाचेत काटा रुतलाय. मला दिसंना, मला निघंना. खंड्याची चोच बारीक. तो काटा काढील, तर मी उठीन."

खंड्या! टिपकी जागीच थबकली. खंड्या म्हणजे निळा निळा पक्षी. खंड्या मासे खातो!

तिने मागे पाहिलं. आईचं तोंड उघडलं... मिटलं... फार हळू.

टिपकी निघाली. पाणी इतकं थोडं, की तिची पाठ उघडी पडली. सुळुक... सुळुक...

खंड्याच्या फांदीखाली थांबली.

"खंड्याकाका, खंड्याकाका, काटा काढ ना!
आक्का उठेना,
म्हैस हलेना,
खेकडा निघेना,
धार येईना,
पाणी गार होईना,
आईला श्वास पुरेना!"

खंड्याने मान वाकडी केली. "तुला माझी भीती नाही वाटत?"

"वाटते. खूप वाटते," टिपकी म्हणाली. "पण आई..."

खंड्याने पंख उघडले. मग सूऽऽर्र! खाली झेपावला. टिपकीने अंग चोरलं.

खंड्या तिच्यावरून गेला. थेट आक्काच्या टाचेपाशी! टच्च! काटा बाहेर!

आक्का उठली. "चल, ऊठ गं म्हशे!"
म्हैस हलली. फतक फतक!
खेकडा निघाला. तुरुतुरु! खसाखसा पाला ओढला.
धार आली. खळखळ खळखळ!
पाणी गार झालं. गारेगार!
आईला श्वास पुरला.

आई कपारीतून बाहेर आली. टिपकी तिला जाऊन बिलगली.

वर फांदीवर खंड्या परत येऊन बसला. पाण्याकडे बघू लागला.

"टिपके, चल," आई म्हणाली.

दोघी खाली गेल्या. खाली, आणखी खाली, अगदी तळाशी. आता तेवढं पाणी होतं.