शिंपिणीचे अर्धे घरटे

एका जंगलात ओढ्याकाठच्या भोकराच्या झाडावर एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे पाने शिवून घरटे करणारा इवलासा पक्षी. अंडी घालायचे दिवस जवळ आले होते, म्हणून ती दोन पाने जोडून भराभर टाके घालत होती. पण झाडाची फळे, भोकरे, आपल्याला एकट्याला मिळावीत, अशी एका माकडाची हाव. ते दात विचकून म्हणाले, "इथं घरटं केलंस तर अंड्यांसकट चुरगाळून टाकीन. मी बोलतो ते करतो." शिंपिणीच्या चोचीतला धागा गळून पडला.

पाच दिवस ती समोरच्या बाभळीवर नुसती बसून होती. अंड्यांना काही थांबता येत नाही, मुलांनो. शेवटी धीर करून ती न्यायनिवाडा करणाऱ्या म्हाताऱ्या हत्तिणीकडे गेली.

हत्तिणीने माकडाला बोलावणे धाडले, सगळे जंगल जमले. माकड तिथेही ऐटीत आले. "बाईसाहेब, मी हिच्या पिसालाही हात लावला नाही. नुसतं बोललो. बोलण्याला शिक्षा असेल तर खारीला का सोडलंत? ती परवा कावळ्याला म्हणाली, 'तुझी शेपटी उपटीन.'" खार ओशाळली. मुद्दा बिनतोड वाटला ना? सगळ्या जंगलाला वाटला.

हत्तीण उठली आणि सगळ्यांना घेऊन भोकरापाशी गेली. अर्धे शिवलेले घरटे वाऱ्यावर हलत होते, पाने कडेने सुकू लागली होती. ती म्हणाली, "खार रागाच्या भरात बोलली, आणि संध्याकाळी कावळा तिच्याच शेजारी बसून बोरं खात होता. तो घाबरलाच नव्हता. तू जीव घेण्याची धमकी दिलीस, ती खरी वाटावी म्हणून दिलीस, आणि हिचं काम पाच दिवस बंद पडलं. गुन्हा तिथंच झाला. नुसती चोप देण्याची धमकी असती तर आठ दिवसांच्या बंदीवर सोडलं असतं. ही पिलांच्या जिवाची आहे. हंगाम संपेपर्यंत ओढ्याकडे फिरकायचं नाही. फिरकलास तर जंगलाबाहेर."

"आणि अंडी खरंच फोडली असती तर?" माकडाने हळूच विचारले.

"त्याची शिक्षा वेगळी, आणि याहून कितीतरी मोठी."

माकड मान खाली घालून निघून गेले. शिंपिणीने नवा धागा आणला. पहिला टाका वाकडा पडला, पुढचे नीट पडले. काही दिवसांनी त्या पानांतून तीन चिमुकल्या चोची बाहेर डोकावू लागल्या.

तात्पर्य : हात न उगारताही धमकीने दुसऱ्याचे जगणे थांबते, म्हणून धमकी हाही गुन्हाच, ती मुकाट्याने सोसू नये, वेळीच सांगावी.