धुराची रापण

समुद्र तापून फुगला, किनाऱ्यावरची घरं गिळू लागला, तेव्हा गावाने सिमेंट कारखान्यावर दावा लावला. गावचीच लेक सुलभा खोबरेकर गावाची वकील होती.

कोर्टात कारखान्याचे मालक राजाध्यक्ष ऐटीत म्हणाले, "धूर साऱ्या जगाचा. समुद्र आमच्याच धुराने चढला कशावरून?"

सुलभाने विचारलं, "साहेब, फोटोसाठी तुम्ही आमच्या रापणीचं, साऱ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचं जाळं ओढलंत, वाट्याचे बांगडेही नेलेत. त्यातला कुठला बांगडा तुमच्या ओढीने आला?"

"ते कसं सांगणार? दोराला हात लावला की वाटा, ही तुमचीच रीत!"

"मग धुराच्या रापणीलाही तुमचा हात लागलाय. नुकसानीतही वाटा घ्या की!"

न्यायाधीश हसले. "दावा चालेल. वाटे पाडूया."

सुलभाचा जीव भांड्यात पडला. राजाध्यक्षांनी मात्र दोन्ही हात खिशात घातले.