मावळत्या सूर्याचा अर्थ

एका राजधानीत वामदेवशास्त्री नावाचे पंडित राहत. कवितेचा अर्थ लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते शिष्यांना सांगत, "कविता तीनदा वाचावी. एकदा तिच्या शब्दांसाठी, एकदा कवीच्या आयुष्यासाठी आणि एकदा त्याच्या काळासाठी. एकाच वाचनावर विसंबून निवाडा करू नये."

त्याच नगरात निंबाजी नावाचा कोष्टी माग चालवता चालवता कविता रचायचा. त्याच्या दोन ओळी लोकांच्या तोंडी बसल्या होत्या:

आमच्या घरचा सूर्य मावळू लागला,
आता तुटला धागा कोणी सांधायचा?

राजाच्या निशाणावर सूर्य होता. कोणीतरी कागाळी केली. निंबाजीला बेड्या पडल्या आणि ओळींचा अर्थ सांगण्याचं काम शास्त्रीबुवांकडे आलं.

शास्त्रीबुवा कोष्ट्याच्या घरी गेले. निंबाजीची म्हातारी आई, भागूबाई, मागाशी बसून तुटलेला धागा बोटांनी चाचपत होती. तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. शास्त्रीबुवांना अर्थ तिथेच कळला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राजाने शांतपणे विचारलं, "शास्त्रीबुवा, या राज्यात सूर्य किती?"

शास्त्रीबुवांनी निशाणावरच्या सूर्याकडे पाहिलं. "एकच, महाराज. आपण. आजचा काळ पाहता या ओळींत राजद्रोह दिसतो."

"आणि बाकीची दोन वाचनं?" प्रधानाने विचारलं.

"त्यांची गरज नाही."

"शास्त्रीबुवा!" निंबाजी ओरडला. "तुम्ही माझ्या आईला भेटलात ना?"

शास्त्रीबुवा आपल्या आसनावर जाऊन बसले. त्याच दुपारी निंबाजीला सुळावर चढवलं.

तेराव्यानंतर भागूबाई भिंतीला धरून धरून शास्त्रीबुवांच्या ओसरीवर आली. म्हणाली, "माझे डोळे जायला लागले तेव्हा त्यानं ते रचलं. पहिल्यांदा मलाच म्हणून दाखवलं. मी अडाणी आहे, बाबा. त्यात राजाचं काय होतं, तेवढं मला समजावून सांगा."

शास्त्रीबुवांना सगळी शास्त्रं मुखोद्गत होती. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

 म्हातारीने विचारलं, "नव्हतंच ना काही?"

ती उठली. शास्त्रीबुवा तिला हात द्यायला पुढे झाले. तिने तो हात बाजूला सारला आणि पायरी शोधत एकटीच खाली उतरली.

तात्पर्य: अर्थ लावण्याच्या अनेक वाटा ठाऊक असूनही जो सत्तेला रुचेल तेवढीच वाट दाखवतो, त्याची विद्या निरपराधांच्या जिवावर उठते.