धाकलीचे बावखळ

वसईच्या किनारपट्टीत उंडीवाडी नावाची एक वस्ती आहे. वस्तीच्या पश्चिमेला केळीच्या बागा संपतात आणि सुरूची झाडे सुरू होतात. त्या सीमेवर एक बावखळ आहे. बागेला पाणी देण्यासाठी खणलेल्या तळ्याला इकडे बावखळ म्हणतात. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर असूनही बावखळाचे पाणी गोड आहे. पाण्यात उतरायला नऊ पायऱ्या आहेत. वरच्या पायरीशेजारी काळ्या दगडाचा एक छोटा गोठा आहे, गुडघ्याइतका उंच. त्यात दगडाची गव्हाण आहे आणि ती वर्षभर रिकामी असते.

पाहुणे आले की वस्तीतली जसिंता तुस्कानो त्यांना तिथे घेऊन जाते आणि कथा सांगते. ती सांगते ती अशी.

फार पूर्वी, वसईला आगगाडी नवीनच आली होती तेव्हा, पेदरू रुमाव नावाच्या माळ्याने इथे तळे खणायला घेतले. तीन ठिकाणी खणले, तिन्ही ठिकाणी खारे पाणी लागले. चौथा खड्डा नाताळच्या आदल्या दिवशी ओला झाला. पेदरूने बोट बुडवून चाखले. तेही खारेच. तेव्हा तो तिथेच गुडघे टेकून नवस बोलला, असे सांगतात. पाणी गोड झाले, तर दर वर्षी नाताळच्या आदल्या तिन्हीसांजेला घरातले सर्वांत थोरले माणूस घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरेल. धाकट्याचे पाय दगडाला लागू द्यायचे नाहीत. धाकट्याने तांब्या भरायचा, त्या पाण्याने बाळ येशूच्या मूर्तीला अंघोळ घालायची आणि तिला गव्हाणीत निजवायचे. त्याबद्दल थोरल्याने त्या संध्याकाळी धाकट्याचा एक हट्ट पुरवायचा, कोणताही.

दुसऱ्या दिवशी पाणी गोड लागले म्हणे. नवस तेव्हापासून चालू राहिला. मुलांना तो फार आवडे. हट्ट करून कोणी भिंगरी मागे, कोणी चांदीची पैंजणे.

पुढे बाग पेदरूच्या नातवाकडे, कैतानकडे आली. कैतानची बायको रेमेत. ही कथा खरे तर तिची आहे, पण वस्तीतली म्हातारी माणसे ती सांगताना पेदरूपासून सुरुवात करतात आणि निम्मा वेळ त्याच्यावरच घालवतात.

रेमेत माहेरी सात भावंडांत सर्वांत थोरली. सहा जणांना तिने कडेवर वागवले. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली ती थोरली सून म्हणून. घरात तीन दीर, दोन नणंदा, सगळे तिच्याहून लहान. मग तिची स्वतःची चार मुले झाली. दर नाताळला धाकट्याला न्हाऊमाखू घालून, नवे कपडे चढवून नवऱ्याच्या पाठीवर बसवायचे आणि आपण मागे टॉवेल घेऊन उभे राहायचे, हे तिचे काम. पायऱ्या उतरून ती कधी गेली नाही. तिला कोणी बोलावलेही नाही.

मग घर रिकामे झाले. थोरला बस्त्याव बोटीवर खलाशी झाला. जुजे मुंबईला गोदीत लागला आणि तिकडेच त्याने बिऱ्हाड केले. इसाबेल उत्तनला दिली. सर्वांत धाकटी मोनी अठरा वर्षांची होईपर्यंत बापाच्या पाठीवर बसून पायऱ्या उतरत होती. त्या नाताळनंतर ती मंगळूरकडच्या मठात गेली. मठातून घरी येण्याची परवानगी नव्हती.

पुढच्या नाताळला कैतानने तांब्या खुंटीवरून काढलाच नाही.

"घरात पोर नाही, तर पाठीवर घेऊ कुणाला?" तो म्हणाला. "नवस आपोआप सुटला."

रेमेतने सवयीने साठ फुगे तळले. ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे हे गोळे नाताळला घरोघर होतात, आणि साठ म्हणजे सहा जणांचा हिशेब. दोघांनी मिळून नऊ खाल्ले. उरलेले बकऱ्यांनी.

त्या उन्हाळ्यात बावखळाचे पाणी मचूळ झाले. पाऊस कमी झाल्यामुळे समुद्र आत झिरपला, असेही काही जण सांगतात; तसे मानायला कोणाची हरकत नाही. केळीच्या पानांच्या कडा तांबूस होऊन करपू लागल्या. राजेळी केळीचे घड बोटभरच राहिले. सुकवायला केळी नव्हती, त्यामुळे मांडवावर त्या वर्षी काही वाळलेच नाही.

दुसऱ्या नाताळला कैतान घाबरला. घरी या म्हणून त्याने तिघा मुलांना निरोप धाडले. बस्त्यावची बोट एडनला होती. जुजेला रजा नव्हती. इसाबेल बाळंतीण होती. मग कैतानने शेजारच्या फोसांकडून चार वर्षांची नात मागून आणली. ती मुलगी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत रडली. तांब्या तिने बुडवला कमी आणि फेकला जास्त. हट्ट काय, विचारल्यावर म्हणाली, "मला घरी जायचंय."

"तिचं घर हे नव्हेच," रेमेत नवऱ्याला म्हणाली. "मग नवस कसा पुरा होईल?"

"तू गप्प राहा," कैतान म्हणाला.

पाणी आणखी खारे झाले. पावसाळा आला नि गेला तरी खारेपणा उतरला नाही. मार्गशीर्षापर्यंत बकऱ्याही त्याला तोंड लावीनात. आणखी एक वर्ष असेच गेले तर बाग जाणार होती, आणि बागेशिवाय त्या दोघांकडे दुसरे काही नव्हते.

तेव्हा देवळाच्या पडवीत (इकडे चर्चला देऊळच म्हणतात) वस्तीतले पाच वडीलधारे बसले. पाचांचे वय मिळून साडेतीनशेच्या वर भरले असते. एक म्हणाला, मोनीला मठातून परत आणा. दुसरा म्हणाला, मूल दत्तक घ्या. तिसऱ्याने पेदरू किती देवभीरू होता हे सांगायला घेतले आणि ते बराच वेळ चालले. चौथा म्हणाला, आमच्या वेळी मुलं घर सोडून जातच नव्हती. पाचवा झोपला होता. कैतान मान खाली घालून ऐकत होता.

रेमेत आत वेदीवरची फुले बदलत होती. तिला सगळे ऐकू येत होते. शिळ्या झेंडूची परडी घेऊन ती दारात आली.

"नवस कुणाच्या घरचा?" तिने विचारले.

"रुमावांच्या," पहिला म्हणाला. "ते का आता नव्याने सांगायचं, रेमेतबाय?"

"आणि रुमावांच्या घरात आज राहतं कोण?"

"कैतान. आणि तू."

"त्यात थोरलं कोण?"

"कैतान."

"मग धाकटं कोण?"

झोपलेला म्हातारा जागा झाला.

"थट्टा करू नकोस, बाय," चौथा म्हणाला. "साठी उलटली तुझी."

"हो ना. आणि ह्यांची पासष्टी आली. चार वर्षांनी मी धाकटी आहे. लग्नाच्या वेळी आमची वयं तुम्हीच बघितली होती की."

पेदरूने धाकटे माणूस म्हटले होते, हे त्या पाचांनाही पाठ होते. इतकी वर्षे धाकटे म्हणजे पोर असेच दिसत आले, म्हणून सर्वांनी पोरच शोधले. बाईकडे कोणी पाहिलेच नाही.

कैतानला मात्र ते पटले नाही. पटले असेल, पण परवडणारे नव्हते. घरी जाताना तो म्हणाला, "सगळी वस्ती हसेल. म्हातारा म्हातारीला पाठीवर घेऊन निघाला म्हणतील."

"हसू देत. बाग करपली तर रडायला येणारेत का ते?"

चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही, असे सांगतात.

नाताळच्या आदल्या दिवशी उन्हे उतरली तशी रेमेतने अंघोळ केली, ठेवणीतले लाल लुगडे नेसली, तांब्या घेतला आणि बावखळाच्या वरच्या पायरीपाशी चप्पल काढून जाऊन बसली. मूर्ती तिने घरून आणलेल्या लाकडी गव्हाणीशेजारी फडक्यावर ठेवली. नवऱ्याला ती काही म्हणाली नाही. बातमी आधीच फिरली होती. काठावर माणसे जमली, मुले उंडीच्या झाडावर चढली. देवळाची संध्याकाळची घंटा झाली. कैतानचा पत्ता नव्हता.

रेमेत बसून राहिली. पाण्याकडे पाहत राहिली. माहेरच्या सहांना आणि सासरच्या नवांना तिने उचलले होते. आपल्याला कोणी शेवटचे कधी उचलले, ते तिला आठवेना.

अंधारायला लागल्यावर केळीतून कैतान आला. कोणाकडेही न पाहता तो तिच्यापुढे पाठ करून वाकला.

"चढ."

"जड झाले तर सांगा."

"सांगितलं तर उतरणारेस का?"

"नाही."

"मग कशाला बोलतेस!"

ती चढली. काठावर हशा पिकला. कोणीतरी ओरडले, "कैतानबा, बघा हं, पोर पडेल!" कैतान एकेक पायरी उतरू लागला. त्याचे गुडघे कटकट वाजत होते आणि ते वरपर्यंत ऐकू येत होते म्हणे. सहाव्या पायरीपर्यंत तो नीट गेला. सातवीवर शेवाळ होते. त्याचा पाय सटकला आणि दोघेही पाण्यात गेले.

हशा एकदम थांबला.

आधी कैतान वर आला, खोकत, कमरेइतक्या पाण्यात. रेमेत दिसेना. त्याने दोन्ही हात पाण्यात घालून चाचपायला सुरुवात केली. "रेमेत! ए रेमेत!" तो ओरडू लागला. लोकांसमोर बायकोला नावाने हाक मारण्याची त्याची ती पहिलीच वेळ. मग लाल पदर वर आला आणि पाठोपाठ ती. तोंडात गेलेले पाणी थुंकायच्या ऐवजी तिने ते गिळले.

"गोड आहे!" ती म्हणाली. मग काठाकडे वळून मोठ्याने, "अहो, गोड आहे पाणी!"

तांब्या तिच्या हातात तसाच होता, काठोकाठ भरलेला. आणि तळाशी चिखलच असल्याने तिचे पाय दगडाला लागले नव्हते. पाणी त्याच क्षणी गोड झाले की मघापासून होते, हे सांगता येणारे आता कोणी नाही. पुढच्या उन्हाळ्यात केळी करपली नाहीत, एवढे सर्व जण एकमताने सांगतात.

कैतानने तिला तशीच ओली उचलून वर आणले. तिने मूर्तीला अंघोळ घातली आणि गव्हाणीत निजवले. तिचे हात थंडीने कापत होते, म्हणून तिला वेळ लागला. किंवा तिला घाई नव्हती.

"आता हट्ट सांग," कैतान म्हणाला. तोही कुडकुडत होता.

माणसांना वाटले, ती मुलांचे काहीतरी मागेल. बस्त्यावची बोट परत यावी, मोनीचे पत्र यावे. रेमेतने थोडा विचार केला.

"उद्या मी रांधणार नाही," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं रांधलं. उद्या तुम्ही रांधा. आणि घरात नको, त्या चार रिकाम्या पाटांसमोर नको. इथे काठावर चूल मांडा. ज्यांच्या ज्यांच्या घरात दोघंच उरलीत, त्यांनाही बोलवा."

दुसऱ्या दिवशी कैतानने काठावर तीन दगड मांडून फुगे तळले. पिठात ताडी घालायची असते हे त्याला ठाऊक नव्हते. पंचेचाळीस वर्षे खाऊनही. फुगे फुगलेच नाहीत. कढईच्या तळाला चपटे बसले. जमलेल्या दोन म्हाताऱ्या जोडप्यांनी आणि एका विधवेने ते दाताने तोडून खाल्ले. रेमेतने सात खाल्ले आणि एकदाही उठून कढईकडे गेली नाही.

दगडाचा गोठा नंतर वस्तीने बांधला. सातव्या पायरीला आजही हशाची पायरी म्हणतात आणि ती कोणी घासत नाही, शेवाळ असले तरी.

आजही नाताळच्या आदल्या तिन्हीसांजेला उंडीवाडीतली अशी जोडपी, ज्यांची पोरे परगावी-परदेशी गेली, या काठावर जमतात. आता गुडघे बदललेली, हृदयात स्प्रिंग बसवलेली माणसे आहेत. पाठुंगळी कोणी घेत नाही. पायऱ्यांवर गोणपाट अंथरतात, म्हणजे पाय दगडाला लागत नाहीत. सर्वांत थोरले माणूस पुढे, आणि जमलेल्यांत जे सर्वांत धाकटे ते त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून मागे, असे उतरतात. जे घर नुकतेच रिकामे झालेले असते, त्याच घरचे माणूस बहुधा धाकटे निघते. बाई असेल तर तिला त्या दिवशी सगळे 'धाकली' म्हणतात. तिचा हट्ट पुरवावाच लागतो. दुसऱ्या दिवशी काठावर पुरुष रांधतात आणि पहिली कढई बिनताडीची काढतात. प्रत्येकाने त्यातला एक चपटा फुगा खायचा असतो. चवीबद्दल बोलायचे नसते.

नियम एकच. ज्याच्या घरी त्या दिवशी मूल किंवा नातवंड आलेले असेल, त्याला पायऱ्या उतरता येत नाहीत. त्याचे घर भरलेले धरतात.

कथा इथे संपते. मागच्या पावसाळ्यानंतर आलेल्या पाहुण्यांपैकी एका मुलीने जसिंताला विचारले, "यंदा धाकली कोण?"

जसिंता चोपन्न वर्षांची आहे. तिचा धाकटा मुलगा मेल्विन जुलैमध्ये मेलबर्नला गेला. सप्टेंबरपर्यंत ती रोज चार माणसांचा भात लावत होती. तिने उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला आणि तिने तो घेतला, कारण तिकडची वेळ साधून मुलगा त्याच सुमारास फोन करतो. पाहुणे पायऱ्यांवर थांबले. मुलगा काय म्हणाला ते त्यांना ऐकू आले नाही. जसिंताचे बोलणे तेवढे आले.

"तिकीट मिळालं? केवढं बरं झालं रे, बाळा. कधीचं?"

ती ऐकत राहिली. तिचा चेहरा उजळला. मग तिने गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीकडे पाहिले, आणि पायऱ्यांकडे.

"तेवीसचं नको," ती म्हणाली. "सव्वीसला ये. चोवीसला मला काम आहे."