साळोबाची ताडपत्रं

रानातही वैद्य असत, त्या काळची ही गोष्ट. साळोबा नावाचं एक म्हातारं साळिंदर प्रत्येकाचं दुखणं ताडपत्रावर लिहून ठेवी. नजर अधू झाल्यावर त्याने वैद्यकी सोडली आणि सगळी पानं नष्ट करायचं ठरवलं. हरिणीच्या मागच्या पायात धावताना कळ येते, हे लांडग्याला कळलं असतं तर तिची धडगत नव्हती.

"द्या इकडे, घरी नेऊन फुकटात कुरतडतो," उंदीर म्हणाला.

"फुकटात? आणि घरी कशाला? माझ्यासमोर कुरतड."

उंदराने तोंड वाकडं करत एका पानाच्या लांब पट्ट्या पाडल्या. साळोबाने त्या शेजारी शेजारी मांडल्या, तर अख्खं पान पुन्हा वाचता आलं!

"फार संशयी झालात, बुवा!" उंदीर फणकारला.

साळोबालाही क्षणभर तसंच वाटलं. तरी त्याने सगळी पानं आणि त्या पट्ट्या वारुळापाशी नेल्या आणि वाळवीने शेवटचा तुकडा संपवेपर्यंत तो जागचा हलला नाही.

इतक्यात हरिणी धापा टाकत आली. "बुवा, माझं पान कुठंय?"

साळोबाने मूठभर माती पुढे केली.

"यातलं माझं कोणतं?"

"ते आता मलाही सांगता येणार नाही, पोरी."